सवयीची गाठ : वर्तनविश्लेषण आणि प्रेषितांची (स.) शिक्षणपद्धती

चांगले काय आणि वाईट काय, हे माणसाला बहुतेक वेळा ठाऊक असते. नमाज फर्ज आहे, हे नमाज सोडणाऱ्यालाही माहीत असते. रागाच्या भरात उच्चारलेल्या शब्दांनी घरातील माणसे दुखावतात, हे रागावणारा नंतर स्वतःच कबूल करतो. तरीही दुसऱ्या दिवशी तेच घडते. ज्ञान आणि आचरण यांच्यातील हे अंतर हा प्रत्येक घरातील, किंबहुना प्रत्येक अंतःकरणातील प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा स्वभावात शोधतो. 'मुलगा आळशी आहे', 'मुलगी हट्टी आहे', 'माझा स्वभावच तापट आहे' असे म्हणून आपण थांबतो. मात्र या शब्दांनी काही उलगडत नाही. मुलगा पहाटे का उठत नाही? कारण तो आळशी आहे. तो आळशी आहे हे कशावरून? कारण तो पहाटे उठत नाही. हे बोलणे एका वर्तुळात फिरत राहते आणि उपायाची वाट सापडत नाही. शिवाय अशी विशेषणे वारंवार ऐकणारे मूल हळूहळू त्यांनाच आपली ओळख मानू लागते.

आधुनिक मानसशास्त्राच्या वर्तनविश्लेषण या शाखेने या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी रीत दिली आहे. तिचा परिचय करून घेणे आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिक्षणपद्धतीच्या प्रकाशात ती दैनंदिन जीवनात कशी उपयोगी पडते हे पाहणे, हा या पाठाचा उद्देश आहे.

वर्तनविश्लेषण म्हणजे काय?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली भुकेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मांजराला पेटीत बंद केले जाई आणि बाहेर अन्न ठेवले जाई. आतील कळ दाबली किंवा दोरी ओढली की दार उघडे. सुरुवातीला मांजर वाटेल तशी धडपड करी आणि योगायोगाने दार उघडे. पुढे पुढे निरर्थक धडपड कमी होत गेली आणि नेमकी कृती लवकर होऊ लागली. ज्या कृतीनंतर समाधानकारक परिणाम मिळतो ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे बी. एफ. स्किनर (१९०४-१९९०) यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा मूळ ग्रंथ १९३८ साली प्रकाशित झाला. मानवी जीवनातील प्रत्यक्ष समस्यांसाठी या ज्ञानाचा उपयोग करणाऱ्या संशोधकांचे स्वतंत्र नियतकालिक १९६८ पासून अमेरिकेत निघू लागले.

या शास्त्राची मांडणी तीन प्रश्नांत सांगता येते. कृतीच्या आधी काय घडले? कृती नेमकी कोणती? कृतीनंतर लगेच काय मिळाले? पहिल्याला पूर्वस्थिती, दुसऱ्याला वर्तन आणि तिसऱ्याला परिणाम म्हणतात. ज्या परिणामामुळे वर्तन बळावते, त्याला प्रबलन असे नाव आहे. माणूस आपल्या कृतीतून सामान्यतः चारपैकी काहीतरी मिळवत असतो : कोणाचे तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, नकोशा गोष्टीतून सुटका, किंवा त्या कृतीतच असलेला शारीरिक आराम वा सुख.

येथे एक अट महत्त्वाची आहे. वर्तनाचे वर्णन दिसेल आणि मोजता येईल अशा शब्दांत करावे लागते. 'आळस' मोजता येत नाही. 'आठवड्यातील पाच दिवस तिसऱ्या हाकेनंतरही उठला नाही', हे मोजता येते. जे मोजता येते त्यात झालेली थोडी सुधारणाही डोळ्यांना दिसते.

पहिला प्रश्न : फज्रची नमाज

अनेक घरांत दिसणारे एक दृश्य घ्या. पंधरा वर्षांचा मुलगा रात्री साडेबारापर्यंत मोबाइल पाहतो. पहाटे आई हाक मारते. तो 'उठतो' म्हणतो आणि पांघरूण ओढून घेतो. चार-पाच हाकांनंतर आई थकून आपल्या नमाजला उभी राहते. सकाळी नाश्त्याच्या वेळी वडील सर्वांसमोर त्याला खडसावतात.

आता तीन प्रश्न विचारू या. पूर्वस्थिती कोणती? अपुरी झोप आणि उशाशी मोबाइल. वर्तन कोणते? न उठणे. लगेच मिळालेला परिणाम कोणता? उबदार झोप चालू राहिली आणि हाका थांबल्या. वडिलांचे बोलणे तीन तासांनी आले. तात्काळ मिळणारा छोटा लाभ उशिरा मिळणाऱ्या मोठ्या तोट्यापेक्षा वर्तनावर अधिक प्रभाव पाडतो. म्हणूनच कितीही बोलले तरी पहाट बदलत नाही.

बोलण्याने दुसरे मात्र काही घडते. 'नमाज' हा शब्द आणि अपमान यांची मुलाच्या मनात सांगड बसते. काही दिवसांनी वडील विचारतात, "पढलास का?" तो म्हणतो, "हो." प्रश्न तेथेच संपतो आणि मुलाची सुटका होते. खोटे बोलण्याला मिळालेले हे प्रबलन आहे. नमाजची सवय लावायला निघालेल्या घराने नकळत असत्याची सवय लावली. ही हानी लहान नाही. कारण ज्याच्यासाठी नमाज म्हणजे घरचा जाच ठरला, तो शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घराबाहेर पडताच नमाजपासूनही दूर जाण्याचा धोका असतो.

उपाय आदल्या रात्रीपासून सुरू होतो. बुखारी व मुस्लिम या संग्रहांतील हजरत अबू बरजा (रजि.) यांच्या कथनानुसार, प्रेषितांना (स.) इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे पसंत नव्हते. फज्रची पूर्वस्थिती घडवणारी ही शिकवण आहे. इशानंतर घरातील सर्वांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत एका जागी ठेवण्याचा नियम केला, आणि त्यात वडिलांचाही मोबाइल असला, तर अर्धे काम तेथेच होते.

पुढचा टप्पा कृती लहान करण्याचा आहे. झोपलेल्या माणसाच्या मानेमागे शैतान तीन गाठी मारतो, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. अल्लाहचे स्मरण करताच एक गाठ सुटते, वजू केल्यावर दुसरी आणि नमाज अदा केल्यावर तिसरी. या हदीसमधील क्रम ध्यानात घ्यावा. झोपेतून थेट मशिदीपर्यंतचे अंतर फार मोठे वाटते. डोळे उघडून अल्लाहचे नाव घेणे मात्र अंथरुणातच शक्य आहे. मुलाला 'उठ' असे मोघम सांगण्याऐवजी पहिली गाठ सोडायला सांगावी : बसून दुआ म्हण, मग पाण्यापर्यंत ये. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला सोपे करते.

तिसरा टप्पा कौतुकाचा. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तरुण असताना त्यांनी एक स्वप्न पाहिले आणि ते त्यांची बहीण हजरत हफ्सा (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) कानावर घातले. प्रेषितांनी (स.) त्यांना चांगला माणूस म्हटले आणि ते रात्रीची नमाज पढू लागले तर किती उत्तम, असा अभिप्राय दिला. त्यानंतर हजरत अब्दुल्लाह (रजि.) रात्री फारच थोडा वेळ झोपत, असे त्यांचे पुत्र सांगतात. उणीव दाखवली गेली, परंतु ती सन्मानाच्या शब्दांत गुंडाळून. आपल्या घरात सहा दिवस उठलेल्या मुलाशी कोणी बोलत नाही. सातव्या दिवशी चुकला की सारे घर बोलते. ज्या दिवशी तो उठतो, त्याच दिवशी आणि त्याच क्षणी दोन प्रेमाचे शब्द निघाले पाहिजेत.

मुलांना सातव्या वर्षी नमाजची आज्ञा द्यावी, अशी शिकवण अबू दाऊदमधील हदीसमध्ये आहे. त्याच हदीसमध्ये दहाव्या वर्षी कठोरतेचा उल्लेख येतो आणि अनेक पालकांना नेमका तेवढाच भाग पाठ असतो. सात ते दहा या तीन वर्षांत रोजच्या पाच वेळा धरल्या तर ५,४७५ प्रसंग येतात. इतक्या वेळा हात धरून, सोबत उभे करून, प्रेमाने शिकवण्याचे कर्तव्य ज्याने पार पाडले नाही, त्याने कठोरतेच्या अधिकाराची चर्चा करण्यापूर्वी आपला हिशेब तपासावा.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही क्रमिकता शिकवण्याच्या पद्धतीत आहे, फर्जमध्ये नाही. प्रौढावर पाचही नमाजा पहिल्या दिवसापासून बंधनकारक आहेत. झोप लागून नमाज चुकलीच, तर जाग येताच ती अदा करावी, अशी स्पष्ट शिकवण आहे.

दुसरा प्रश्न : मुलाचा हट्ट

घरी पाहुणे आले आहेत. आई स्वयंपाकघरात गुंतली आहे. चार वर्षांचा मुलगा मोबाइल मागतो. आई नकार देते. तो रडू लागतो, मग जमिनीवर लोळण घेतो. दहा मिनिटांनी आई त्याच्या हाती मोबाइल देते आणि घर शांत होते.

मुलगा काय शिकला? शांतपणे मागितल्याने मिळत नाही, दहा मिनिटे रडल्याने मिळते. आई काय शिकली? मोबाइल दिला की रडणे थांबते. दोघांच्याही कृतीला प्रबलन मिळाले. म्हणून उद्या दोघेही तेच करतील. येथे मूल बिघडलेले नाही आणि आईही निष्काळजी नाही. परिस्थितीने दोघांना एकेक धडा दिला आहे.

'मी रोज देत नाही, कधीतरीच देते', असे सांगितले जाते. परंतु अनियमितपणे मिळणारा लाभ वर्तनाला अधिक चिवट करतो, हे स्किनर यांच्या प्रयोगांतून ठळकपणे पुढे आले आहे. कधी मिळेल हे ठाऊक नसल्याने प्राणी प्रयत्न सोडत नाही. जुगारी माणूस हरत असतानाही बसून राहतो, त्यामागे हेच कारण आहे.

लाभ पूर्णपणे बंद केला तर वर्तन हळूहळू मावळते. याला विलोपन म्हणतात. मात्र मावळण्यापूर्वी ते काही काळ उफाळून येऊ शकते. दहा मिनिटे रडणारा मुलगा पहिल्या दिवशी वीस मिनिटे रडेल. विसाव्या मिनिटाला आईने हार मानली, तर तो वीस मिनिटांचा धडा शिकेल. म्हणून निर्णय आधी करावा. द्यायचेच असेल तर रडण्यापूर्वी, त्याने नीट मागितल्यावर, वेळ ठरवून द्यावे. द्यायचे नसेल तर घरातील आजी-आजोबांसह सर्वांनी त्यावर ठाम राहावे. मूल भुकेले, आजारी किंवा घाबरलेले असेल, तर त्याचे रडणे हट्ट नसते. त्याला जवळच घेतले पाहिजे. मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

नकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, योग्य कृती शिकवणे महत्त्वाचे आहे. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी प्रेषितांच्या (स.) घरी वाढले. जेवताना त्यांचा हात ताटात सर्वत्र फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना तीन गोष्टी सांगितल्या : अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने खावे आणि आपल्या समोरचे खावे. 'असा कसा खातोस?' असा प्रश्न नाही, पाहुण्यांसमोर उपहास नाही. काय करावे, हे मुलाला कळेल अशा मोजक्या शब्दांत सांगितले. त्यानंतर आपण नेहमी तसेच जेवत आलो, असे ते मोठेपणी सांगत.

आमिषाबाबतही मार्गदर्शन मिळते. एका मातेने आपल्या मुलाला, ये, तुला काही देते, असे म्हणून बोलावले. प्रेषितांनी (स.) विचारले, काय देणार आहेस? तिने खजूर सांगितला. तू काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असे त्यांनी बजावले. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. पालकाचा शब्द आणि प्रत्यक्ष परिणाम एकमेकांशी जुळले नाहीत, तर मूल शब्दावर विसंबणे सोडून देते.

तिसरा प्रश्न : राग

दुकान बंद करून रात्री घरी आलेला माणूस थकलेला आणि भुकेला आहे. कोणाच्या हातून पेला पडतो. तो ओरडतो. क्षणात घर शांत होते, मुले खोलीत जातात, ताट समोर येते. 'माझा स्वभावच असा' असे तो म्हणतो. पण याच माणसाशी दिवसभर ग्राहक घासाघीस करत होते आणि तो हसून बोलत होता. स्वभाव एकच असताना दुकानात जीभ आवरते आणि घरात आवरत नाही, याचे कारण परिणामांत आहे. दुकानात ओरडल्यास ग्राहक जातो. घरात ओरडल्यास हुकूम पाळला जातो. हे मान्य करणे कठीण आहे, परंतु सुधारणेची सुरुवात येथूनच होते. बायकोमुलांवर निघणारा राग अनावर असतो असे नाही. तो तेथे लाभदायक ठरलेला असतो.

प्रेषितांनी (स.) खरा बलवान त्याला म्हटले, जो रागाच्या वेळी स्वतःवर ताबा ठेवतो. एवढ्यावरच न थांबता त्यांनी उपायही दिले. उभे असाल तर बसावे, तरीही राग न शमल्यास आडवे व्हावे, मौन पाळावे, शैतानापासून अल्लाहचे शरण मागावे. या प्रत्येक कृतीचे वैशिष्ट्य असे की ती ओरडण्याबरोबर एकाच वेळी करता येत नाही किंवा ओरडणे अवघड करते. नको असलेल्या कृतीच्या जागी तिच्याशी विसंगत कृती बसवणे, ही वर्तनविश्लेषणातील एक प्रमुख पद्धत आहे. घरी पोहोचताच कोणाशी काही बोलण्यापूर्वी वजू करून दोन घास खाण्याचा नियम केला, तर पूर्वस्थितीही बदलते.

दुसऱ्याच्या चुकीला कसे सामोरे जावे, याचा आदर्श मशिदीत लघवी करणाऱ्या ग्रामीण अरबाच्या घटनेत आहे. लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, त्या माणसाचे पूर्ण होऊ दिले, जागेवर बादलीभर पाणी ओतण्यास सांगितले आणि मशिदी कशासाठी असतात हे त्याला सौम्यपणे समजावले. जागा स्वच्छ झाली, माणूस शिकला आणि त्याचा सन्मानही राहिला. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या काळात हे का केलेस किंवा ते का केले नाहीस, असे त्यांना एकदाही ऐकावे लागले नाही.

तौबा आणि परिसर

नव्याण्णव खून केलेल्या माणसाची हदीस प्रसिद्ध आहे. शंभरावा खूनही त्याच्या हातून घडला. शेवटी एका विद्वानाने त्याला तौबेचे दार उघडे असल्याचे सांगितले. त्यासोबत आपली वाईट वस्ती सोडून अल्लाहची उपासना करणाऱ्या लोकांच्या वस्तीत जाण्याचा सल्लाही दिला. अंतःकरणातील पश्चात्तापाला परिसर बदलण्याची जोड दिली गेली. कुरआननेही (१७:३२) व्यभिचार करू नका एवढेच न म्हणता त्याच्या जवळही जाऊ नका, असा आदेश दिला आहे. जी वाट पापाकडे जाते ती वाटच टाळायची आहे. तौबा केल्यानंतरही तोच कट्टा, तेच सोबती आणि मोबाइलमधील तेच अ‍ॅप कायम ठेवणारा माणूस आपल्या निर्धारावर असह्य भार टाकत असतो.

शास्त्राची मर्यादा

वर्तनविश्लेषण कृती कशी बदलते हे सांगते; कोणती कृती चांगली, हे ते ठरवू शकत नाही. याच तंत्राने नमाजची सवय लागते आणि याच तंत्राने लोकांना जुगारात गुंतवलेही जाते. शिवाय कृतीचे मूल्य नियतीवर अवलंबून असते. केवळ बक्षिसासाठी किंवा कौतुकासाठी केलेली नमाज बाहेरून तशीच दिसते, पण अल्लाहपाशी ती तशी नसते. म्हणून लहानपणी दिलेल्या कौतुकाला हळूहळू अल्लाहच्या प्रसन्नतेच्या ओढीकडे वळवणे, हे पालकाचे पुढचे काम आहे. तसेच वर्तनाची कारणे समजली म्हणून जबाबदारी टळत नाही. कारण कळल्यानंतर ती उलट वाढते.

माणूस तात्काळ लाभावर प्रेम करतो आणि आखिरत सोडून देतो, हे कुरआनने सूरह अल-कियामहमध्ये (७५:२०-२१) सांगितले आहे. लांबचा परिणाम मनावर दुबळा ठरतो, हे शास्त्र आज जे सांगते, त्याच दुर्बलतेकडे हा इशारा आहे. ईमान त्या लांबच्या परिणामाला जवळ आणते. दिवसातून पाच वेळा अल्लाहसमोर उभे राहणारा माणूस पाच वेळा आपल्या शेवटच्या हिशेबाची आठवण ताजी करतो.

आठ दिवसांचा अभ्यास

स्वतःचे एकच वर्तन निवडावे, दुसऱ्याचे नको. एका वहीत तीन रकाने आखावेत : आधी काय घडले, मी नेमके काय केले, लगेच काय मिळाले. आठ दिवस फक्त नोंद करावी. त्यानंतर पूर्वस्थितीतील एक गोष्ट बदलावी आणि जुन्या कृतीच्या जागी एक लहान चांगली कृती ठरवावी. रात्री झोपण्यापूर्वी नोंद वाचावी. आपला हिशेब घेतला जाण्यापूर्वी आपणच आपला हिशेब घ्यावा, ही हजरत उमर (रजि.) यांची शिकवण याच अर्थाची आहे.

घाई करू नये. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली प्रकाशित झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. कोणाला १८ दिवस पुरतील असे दिसले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मध्येच एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नव्हते. अल्लाहला सर्वांत प्रिय कृती ती, जी थोडी असली तरी सातत्याने केली जाते, हे प्रेषितांनी (स.) सांगितलेच आहे. म्हणून एक दिवस चुकल्यावर निराश होऊन सारे सोडून देऊ नये आणि घरातील कोणी चुकल्यास त्याच्या मागील सहा दिवसांना विसरू नये.

अल्लाह आम्हा सर्वांना आपल्या आचरणाकडे डोळसपणे पाहण्याची, आपल्या मुलांना प्रेमाने घडवण्याची आणि सवयीच्या गाठी एकेक करून सोडवण्याची सद्बुद्धी व शक्ती देवो. आमीन.